टिंबानंतरची अक्षरे (लेखांक ९)

फाइलच्या नावात शेवटच्या टिंबानंतर येणारी अक्षरे म्हणजे एक्स्टेंशन. ती नाव ठेवणाऱ्याची सोय असते. आतल्या मजकुराशी त्यांचे नाते असेलच, याची हमी कोणी देत नाही. शिवाय फाइल वेबवरून येते तेव्हा ब्राउझर या अक्षरांवर फारसा विसंबत नाही. सर्व्हरने उत्तरासोबत ‘कंटेंट-टाइप’ म्हणून जे कळवले असेल, ते तो प्रमाण मानतो. रायपूरच्या एखाद्या चॉईस सेंटरवर छत्तीसगडच्या ‘भुइयां’ पोर्टलवरून जमिनीचा बी-१ किंवा पी-२ खसरा काढला (महाराष्ट्रातल्या सातबाऱ्याचेच हे इकडचे भाऊबंद), तर हाती येते ती पीडीएफ. कोणताही सर्व्हर अशी फाइल ‘ॲप्लिकेशन/पीडीएफ’ म्हणून पाठवतो तेव्हा ब्राउझर ती लगेच पडद्यावर उघडू शकतो. तीच फाइल ‘ॲप्लिकेशन/ऑक्टेट-स्ट्रीम’ म्हणून, म्हणजे ‘नुसते बाइट्स, पुढचे तुम्ही बघा’ अशा शेऱ्यासह पाठवली, तर ती उघडत नाही, फक्त डाउनलोड होते. फाइल तीच असली तरी शेऱ्याप्रमाणे वागणूक बदलते.

हा शेरा मीडिया टाइप या नावाने ओळखला जातो. त्याचा जन्म वेबवर नव्हे, ईमेलमध्ये झाला. ईमेलमधून तेव्हा साधी इंग्रजी अक्षरेच खात्रीने जात. चित्र, आवाज किंवा अन्य लिपीतला मजकूर पाठवता यावा म्हणून नॅथॅनियल बोरेनस्टाइन आणि नेड फ्रीड यांनी ‘माइम’ ही पद्धत आखली आणि जून १९९२ मध्ये ती आरएफसी १३४१ या इंटरनेट-दस्तऐवजाच्या रूपाने प्रसिद्ध झाली. तिरकस रेघेच्या आधी मोठा वर्ग आणि नंतर नेमका प्रकार, ही रचना तेव्हापासूनची: टेक्स्ट/प्लेन, इमेज/जेपीईजी, ऑडिओ/एमपीईजी. सुरुवातीला असे सात वर्ग होते. त्रिमितीय आकृत्यांसाठी ‘मॉडेल’ हा वर्ग १९९७ मध्ये आला. ‘फॉन्ट’ला स्वतःचा वर्ग मिळायला २०१७ उजाडले. तोवर फॉन्ट ‘ॲप्लिकेशन’च्या छताखाली निरनिराळ्या नावांनी राहत होते. अधिकृत नोंदवही ‘आयाना’ ही संस्था सांभाळते. कंपन्यांच्या खास प्रकारांपुढे ‘व्हीएनडी’ हा उपसर्ग लागतो. वर्डच्या डॉक्स फाइलचे अधिकृत नाव एका दमात वाचता येत नाही, ते याच गटातले.

नोंदणी होते ती प्रकाराची. एक्स्टेंशन ही नोंदणीच्या अर्जातली जादा माहिती असते आणि तिच्यावर कोणाचा हक्क लागत नाही. त्यामुळे भांडणे होतात. ‘.टीएस’ हे त्याचे चांगले उदाहरण. एनजिन्एक्स सर्व्हरच्या तक्त्यात त्याचा अर्थ व्हिडिओ/एमपी२टी, म्हणजे प्रसारणासाठीचा व्हिडिओ प्रवाह. आजच्या प्रोग्रामरच्या फोल्डरमध्ये मात्र ‘.टीएस’ म्हणजे बहुतेक वेळा टाइपस्क्रिप्टचा कोड असतो. दोन्ही अर्थ बरोबर आहेत. तक्त्यात मात्र त्या एक्स्टेंशनसमोर एकच उत्तर लिहिता येते.

एक्स्टेंशन दिले की प्रकार सांगायचा, हे काम प्रोग्रामिंगच्या लायब्ररीतले तक्ते करतात. पायथनमध्ये त्यासाठी ‘माइमटाइप्स’ हे मॉड्यूल आहे. त्यातल्या ‘गेस-टाइप’ या फंक्शनच्या नावातच ‘अंदाज’ आहे, आणि तो प्रामाणिकपणा दाद देण्याजोगा आहे. हे फंक्शन फाइल उघडत नाही, फक्त नाव वाचते. उत्तरात दोन गोष्टी येतात: प्रकार आणि त्यावर चढवलेले एन्कोडिंग. ‘अहवाल.टार.जीझेड’ असे नाव दिले तर ‘ॲप्लिकेशन/एक्स-टार’ आणि ‘जीझिप’ असे जोडउत्तर मिळते, कारण जीझिप हा फाइलचा स्वतंत्र प्रकार नसून वरचे वेष्टण आहे, असे हे मॉड्यूल मानते. जोडीतला पहिला भाग उचलून दुसऱ्याकडे काणाडोळा करणारा कोड सर्रास आढळतो. तो दाबलेल्या फाइलला उघडी टार म्हणून पाठवून मोकळा होतो.

खरी मेख मात्र तक्ता येतो कुठून, यात आहे. पायथनचा स्वतःचा तक्ता असतो, पण त्यावर यंत्रावरच्या नोंदीही चढतात. लिनक्सवर ‘ईटीसी’ फोल्डरातली ‘माइम.टाइप्स’ ही फाइल वाचली जाते, विंडोजवर रजिस्ट्री. छोट्या कंटेनरमध्ये ती फाइल बहुधा नसतेच. म्हणून लॅपटॉपवर नीट ओळखले जाणारे एक्स्टेंशन सर्व्हरवर चढवल्यावर अनोळखी ठरते आणि कोडमध्ये मात्र एकही ओळ बदललेली नसते.

विंडोजवरचा प्रकार तर नमुनेदार आहे. एखादे सॉफ्टवेअर बसवताना ते रजिस्ट्रीत ‘.जेएस’समोर ‘टेक्स्ट/प्लेन’ लिहून जाते. पुढे कधीतरी त्याच यंत्रावर पायथनचा वेब सर्व्हर सुरू होतो, रजिस्ट्री वाचतो आणि जावास्क्रिप्टच्या फाइली साधा मजकूर म्हणून पाठवू लागतो. जावास्क्रिप्ट मॉड्यूलच्या बाबतीत ब्राउझर प्रकाराची सक्त तपासणी करतात. ते अशी फाइल चालवायलाच नकार देतात. पान अर्धवट राहते आणि शोध सुरू होतो तो कोडमध्ये, जिथे चूक नाही. गो भाषेच्या लायब्ररीलाही हाच ताप झाला. तिच्या कर्त्यांनी शेवटी विंडोजसाठीच्या कोडमध्ये खास अपवाद घातला: रजिस्ट्री ‘.जेएस’ला साधा मजकूर म्हणत असेल, तर ती नोंद सोडून द्यावी. पायथनमध्ये प्रोग्रामच्या सुरुवातीला ‘ॲड-टाइप’ वापरून आपल्याला हवी ती जोडी ठासून सांगता येते. जे प्रकार आपला सर्व्हर रोज पाठवतो, त्यांच्याबाबत एवढे करणे आळसापेक्षा बरे.

त्यात जावास्क्रिप्टचे अधिकृत नावही स्थिर राहिलेले नाही. २००६ मध्ये ‘टेक्स्ट/जावास्क्रिप्ट’ कालबाह्य ठरवून ‘ॲप्लिकेशन/जावास्क्रिप्ट’ पुढे करण्यात आले. लोकांनी जुनेच वापरणे सोडले नाही. मे २०२२ मध्ये आरएफसी ९२३९ ने निर्णय फिरवला आणि जुने नाव पुन्हा गादीवर बसले. पायथनने आपला तक्ता ३.१२ आवृत्तीत त्याप्रमाणे बदलला. नोडच्या जगातली ‘माइम-डीबी’ ही प्रकारांची यादी आयाना, अपाची सर्व्हर आणि एनजिन्एक्स या तिघांच्या याद्या एकत्र करून बनते. असे फेरफार तिथे नव्या आवृत्तीबरोबर येतात, आणि जुन्या आवृत्तीवर अडकलेल्या प्रकल्पाला ते कळत नाहीत.

मराठी मजकुरासाठी आणखी एक पेच आहे. गणेशोत्सवाची कार्यक्रमपत्रिका ‘.टीएक्सटी’ फाइलमध्ये ठेवली, तर एक्स्टेंशनवरून ‘टेक्स्ट/प्लेन’ एवढेच ठरते. अक्षरे कोणत्या पद्धतीने साठवली आहेत, हे त्यातून कळत नाही. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट्सचे असते. ब्राउझरने ते पाश्चात्त्य एन्कोडिंग समजून वाचले, की एका ‘म’च्या जागी तीन परकी चिन्हे उमटतात. १९९९ च्या एचटीटीपी नियमांत टेक्स्टसाठी गृहीत धरलेले एन्कोडिंगही पाश्चात्त्यच होते. ते कलम २०१४ मध्ये वगळले गेले. गो भाषेची लायब्ररी टेक्स्ट प्रकारांना आपणहून ‘कॅरसेट=यूटीएफ-८’ जोडते. पायथनचे मॉड्यूल जोडत नाही, तिथे ते प्रोग्रामरनेच लिहायचे. जेसनला ही अडचण येत नाही, कारण यंत्रायंत्रांमधल्या देवाणघेवाणीत त्याला यूटीएफ-८ बंधनकारकच आहे.

उलट दिशेचा प्रवास, म्हणजे प्रकारावरून एक्स्टेंशन, अधिक निसरडा. इमेज/जेपीईजीला जेपीजी, जेपीईजी आणि जेपीई असे तीन दावेदार आहेत. पायथनच्या जुन्या आवृत्त्या त्यातून नेमके कोणी न वापरणारे ‘.जेपीई’ निवडून देत.

लोकांकडून फाइल घ्यायची असेल, तर नावाचा तक्ता पुरत नाही, कारण नाव पाठवणारा ठेवतो. तिथे आतले बाइट्स पाहावे लागतात. पीडीएफच्या सुरुवातीला टक्केचिन्ह आणि ‘पीडीएफ’ ही अक्षरे असतात. गोमधले एक फंक्शन पहिले जास्तीत जास्त ५१२ बाइट्स वाचून प्रकार सांगते. पण इथे डॉक्स फसवते. ती मुळात झिप फाइलच असल्याने पहिले बाइट्स फक्त झिपची साक्ष देतात. डॉक्सची खात्री करायची तर ती झिप उघडून आतल्या फाइलींची नावे तपासावी लागतात. अशा घेतलेल्या फाइली परत पाठवताना सर्व्हरने ‘नोस्निफ’ ही सूचना जोडली, की ब्राउझर स्वतःचे अंदाज बांधत नाही. ही सूचना इंटरनेट एक्सप्लोरर ८ बरोबर आली. ती लावल्यावर तक्त्यातली चुकीची नोंद झाकायला मात्र कोणी उरत नाही.