गच्चीवरचे एरियल

दिवाळीच्या तोंडावर घरोघरी साफसफाई निघते. माळे रिकामे होतात, पितळेची भांडी चिंच लावून लखलखीत होतात, रद्दीवाल्याची चलती असते. गच्चीवर मात्र सहसा कोणी चढत नाही. तिथे ऊन, वारा, पाऊस खात जे उभे असते ते बिघडेपर्यंत चालते आणि बिघडले की भंगार ठरते. आमच्या दादरच्या इमारतीवरील एरियलवर यंदा हाच प्रसंग आला होता.

हे एरियल माझ्या थोरल्या बंधूंनी १९९४ साली उभारले. वर आडव्या सळ्यांचे चक्र आणि खाली तिरप्या सळ्यांचा शंकू, अशी त्याची ठेवण. इमारतीतली पोरे त्याला ‘मोडकी छत्री’ म्हणतात. शास्त्रातले नाव डिस्कोन. साधे एरियल ठराविक लहरीच चांगल्या पकडते, डिस्कोन लांबच लांब पट्टा ऐकते. म्हणूनच ते स्कॅनरला जोडतात. स्कॅनर म्हणजे एका जागेवरून दुसऱ्या जागेवर आपोआप सरकत जाणारा आणि आवाज लागला की थबकणारा रेडिओ. दादा परवानाधारक हॅम होते. त्यांच्याच आग्रहाने मीही परीक्षा देऊन परवाना काढला.

कोणी विचारील, हातोहाती मोबाइल असताना हा खटाटोप कशाला? २६ जानेवारी २००१ रोजी भूजचा भूकंप झाला, टेलिफोन बंद पडले, तेव्हा हौशी हॅम मंडळी आपापले संच घेऊन कच्छात निरोप पोहोचवायला धावली होती. आणि २०२५ च्या जुलैत शुभांशु शुक्ला यांनी अंतराळ स्थानकावरून भारतातल्या विद्यार्थ्यांशी गप्पा मारल्या, त्याही हॅम रेडिओवरूनच! हे स्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून ताशी सुमारे २८,००० किलोमीटर वेगाने धावते. त्याचा आवाज १४५.८०० मेगाहर्ट्झवर येतो आणि एका फेरीत जेमतेम दहा मिनिटे सापडतो.

दादा गेले त्याला आता चार वर्षे झाली. दुपारी संच लावून त्याची खरखर ऐकत बसायचे, हा वहिनींचा परिपाठ. घर भरल्यासारखे वाटते, म्हणतात. यंदा श्रावणात त्यांचा फोन आला, “भाऊजी, तुमच्या दादांचा रेडिओ मुका झालाय हो!” त्यातच सोसायटीची नोटीस लागली. दिवाळीनंतर गच्चीचे वॉटरप्रूफिंग सुरू होणार, तेव्हा बंद पडलेल्या वस्तू हलवाव्यात. सेक्रेटरी भले गृहस्थ. म्हणाले, “काका, चालू असेल तर काठीला हात लावणार नाही. पण भंगार ठेवता येणार नाही.” म्हणजे मुदत ठरली.

आता बिघाड शोधायचा कसा? आधी केबलची रचना ध्यानात घ्यावी. मध्ये तांब्याची तार, तिच्याभोवती पांढरे प्लॅस्टिक, त्यावर बारीक तारांची विणलेली जाळी आणि वरून काळे कवच. संच सोडवून मी खालच्या टोकाला तार व जाळी यांच्यामध्ये दादांचा काट्याचा मीटर लावला. डिस्कोनमध्ये चक्र व शंकू एकमेकांना टेकत नाहीत. तेव्हा काटा जागचा हलायला नको. इथे तो डुलत होता. कुठेतरी पाणी शिरले होते. पुतणीने गच्चीवर केबल एरियलपासून सोडवली, तरी काटा डुलतोच आहे. म्हणजे एरियल निर्दोष, गुन्हेगार केबल. मग तिने वरच्या टोकाला तार आणि जाळी मुद्दाम एकत्र टेकवली. आता एखाद-दुसरा ओहम यायला हवा होता. आले चाळीसच्या वर.

वरचा प्लग उघडला तेव्हा कारण समोर आले. त्यावरची टेप उन्हाने तडकली होती. पावसाचे पाणी आत शिरून, दिव्याच्या वातीत तेल चढावे तसे जाळीतून झिरपत गेले होते. त्यात समुद्राची खारी हवा. तांबे काळे-हिरवे पडले होते. अशा तांब्यावर डाख बसत नाही. खरडत बसण्यात अर्थ नसतो. जाळी लखलखीत दिसेपर्यंत केबल कापत जावे, हाच उपाय. चार फूट गेली. पण दादांनी काठीच्या बुंध्याशी केबलचे वेटोळे राखून ठेवले होते, ते कामी आले. पुन्हा मोजले; काटा शहाण्यासारखा वागला.

नव्या प्लगला डाख द्यायचा तो गच्चीवर नव्हे. वारा कावियाची उष्णता पळवून नेतो आणि डाख वरवरचा बसतो. आम्ही केबलचे टोक जिन्याच्या खोलीत आणून मोठ्या कावियाने काम उरकले. मग प्लग एरियलला घट्ट बसवून, आपल्या आपल्यातच चिकटणारी रबरी टेप ताणून खालून वर गुंडाळली. घराची कौले आठवा: वरचे कौल खालच्यावर चढते, म्हणून पाणी घसरून जाते. तोच न्याय इथे. रबराला उन्हापासून जपायला त्यावर काळी टेप चढवली. केबलचा भार प्लगवर येऊ नये म्हणून ती काठीला बांधली आणि खिडकीशी तिला खाली झोळ दिला, म्हणजे पाणी आत न येता झोळाच्या तळाशी ठिबकते.

संध्याकाळी संच लावला. क्षणभर खरखर, आणि मग दोन हॅम मंडळींच्या गप्पा स्पष्ट ऐकू आल्या. वहिनी काही बोलल्या नाहीत. फक्त आवाज थोडा वाढवला. सेक्रेटरींनी येऊन ऐकले आणि यादीतून ‘छत्री’ वगळली. पुतणी आता परवान्याच्या परीक्षेला बसणार आहे.

वाचकहो, तुमच्या गच्चीवर एरियल असो वा डिशची केबल, पावसाळ्यापूर्वी एकदा टेप पाहून घ्या. आभाळ गडगडत असताना चढू नका, विजेच्या तारांपासून दूर राहा, एकटे जाऊ नका आणि काठीला अर्थिंग आहे ना ते पाहा. बाकी लागते ते गुंडाळीभर टेप आणि अर्धा दिवस.