सोयाबीनच्या गाठीतले लोखंड

सेवाग्रामच्या काळ्या रानात कपाशीजवळ तूर आणि सोयाबीन असतेच. सोयाबीनचे एक झाड जपून उपटा, मुळावरची गाठ नखाने फोडा. आतून गुलाबी निघाली तर कारखाना चालू आहे समजा.

युरियाच्या कारखान्यात हवेतल्या नत्राचा अमोनिया करायला ४०० अंशांवर उष्णता आणि प्रचंड दाब लागतो. गाठीतले जिवाणू तेच काम जमिनीत बिनबोभाट करतात. त्यांच्याजवळ लोह-गंधकाची प्रथिने असतात. त्यांतले लोह इलेक्ट्रॉन, म्हणजे विजेचा कण, घेते आणि पुढच्याला देते. विहिरीवर हातोहात घागर सरकते ना, तसे. शेवटी तो कण नत्राला मिळतो. हिरव्या पानातही असाच एक वाहक आहे, फेरेडॉक्सिन. त्यात लोहाचे २ आणि गंधकाचे २ अणू. नाव १९६२ सालचे, काम मात्र युगानुयुगांचे!

गाठीतल्या या प्रथिनांचा वैरी प्राणवायू. ते गुलाबी द्रव्य आपल्या रक्तातल्या लाल द्रव्याचे भावंड. ते प्राणवायूला आवरून धरते.

आता पैशाची गोष्ट. चुनखडीच्या जमिनीत लोह असूनही मुळांना मिळत नाही. कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या, तर लोह कमी. नत्र कमी असेल तर खालची जुनी पाने आधी पिवळी पडतात. लोहाच्या दुखण्यावर युरिया टाकला तर पैसा गेला, गाठीही आळसावतात. १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम हिराकस विरघळवून आधी चार ओळींवर फवारून पाहा. रानात पाणी साचले असेल तर मात्र पहिल्यांदा चर काढा.