पवनीचा परकोट : जगन्नाथ टेकडीचा स्तूप कुणाच्या पैशाने उभा राहिला?

गेल्या आठवड्यात आपण 1867 सालापर्यंत येऊन पोचलो होतो. पवनीच्या नगरपालिकेची जन्मकथा आज सांगायची असे ठरलेही होते. ती कथा एक आठवडा थांबेल, कारण मधेच एक पत्र आले आहे आणि ते बाजूला सारणे शक्य नाही.

पत्र लाखांदूरकडच्या एका शिक्षकांचे आहे. शाळेच्या सहलीत ते मुलांना घेऊन जगन्नाथ टेकडीवर गेले होते. तिथे सातवीतल्या एका मुलीने विचारले, "सर, हा स्तूप कोणत्या राजाने बांधला?" सोबतच्या एकाने अशोकाचे नाव सांगितले, दुसऱ्याने दंतकथेतल्या पवन राजाचे. मुलीचे समाधान झाले नाही, सरांचेही झाले नाही. खरे काय ते लेखमालेत सांगा, असा त्यांचा आग्रह आहे.

खरे असे की, या स्तूपाच्या दगडांवर नावे आहेत, बरीच आहेत. पण ती राजांची नाहीत. पवनीच्या सगळ्या इतिहासात याहून मोलाची गोष्ट नाही, असे प्रस्तुत लेखकाचे ठाम मत आहे.

टेकडी म्हणजे काय, हे आधी नीट पाहिले पाहिजे. पवनीकर पिढ्यान्‌पिढ्या तिला टेकडी म्हणत आले, वर जगन्नाथाचे मंदिर, म्हणून जगन्नाथ टेकडी. पण झाडीपट्टीच्या या सपाट धानपट्ट्यात नदीकाठी गोलसर उंचवटे आपोआप उगवत नाहीत. 1969-70 मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून इथे उत्खनन केले. विद्यापीठाच्या बाजूने होते शां. भा. देव. विदर्भातल्या शिळावर्तुळांचा, टाकळघाट-खापा आणि माहुरझरीचा, अभ्यास ज्यांनी उभा केला तेच हे देव. सर्वेक्षणाच्या बाजूने होते जगत्पती जोशी. कच्छमधले धोलावीरा जगापुढे आणणारा माणूस पवनीच्या उन्हातही उभा राहिला होता, हे पवनीतल्या फार थोड्यांना ठाऊक आहे. दोघांचा अहवाल 1972 मध्ये विद्यापीठाने प्रसिद्ध केला.

टेकडीच्या पोटातून निघाला विटांचा आणि मातीचा भव्य स्तूप. त्याचा व्यास चाळीस मीटरच्या आसपास भरतो. सांचीचा मोठा स्तूप साडेछत्तीस मीटरच्या घरातला. म्हणजे पायाच्या विस्तारात पवनी सांचीच्या पुढे जाते. हा स्तूप एका दमात झालेला नाही. आधीचा लहान होता, पुढे तो वाढवला. त्याभोवती प्रदक्षिणेची वाट होती, आणि त्या वाटेला आधी लाकडी कठडा होता. लाकूड अर्थातच उरले नाही, पण खांब रोवलेल्या खड्ड्यांनी आपली जागा सोडली नाही. नंतर, इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या-पहिल्या शतकांच्या सुमारास, तिथे दगडी कठडा आला. शहराच्या आसपास हरदोलाला टेकडी आहे, सुलेमान टेकडी आहे. हरदोलाला टेकडीतही स्तूपच निघाला. पण आजचा विषय जगन्नाथ टेकडीच्या कठड्याचा.

कठड्याची रचना समजून घेतली की त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर हाताला लागते. उभा खांब घ्या. त्याच्या दोन्ही कडांना, मसुराच्या डाळीच्या आकाराच्या, मधे फुगीर आणि टोकांना निमुळत्या अशा खाचण्या एकाखाली एक कोरलेल्या असतात. शेजारच्या खांबालाही तशाच. या खाचण्यांत आडव्या दगडी पट्ट्या बसतात, त्यांना सूची म्हणतात. खांबांच्या डोक्यावर लांबच लांब दगड ठेवून सगळे जखडून टाकतात, तो उष्णीष. चुना नाही, लोखंडाचा खिळा नाही. दगड दगडात अडकून उभा. ही सगळी युक्ती मुळात सुताराची. पाथरवटाने लाकडातले सांधे जसेच्या तसे दगडात उतरवले. भारहूतला आणि सांचीला हे दिसतेच, पण पवनीत लाकडी कठड्याच्या खुणा आणि दगडी कठडा एकाच जागी सापडल्यामुळे सुताराकडून पाथरवटाकडे गेलेले काम अगदी डोळ्यांसमोर घडल्यासारखे वाटते.

आता हिशोब करा. स्तूपाचा नुसता परीघच सव्वाशे मीटरच्या घरात जातो. प्रदक्षिणेची वाट सोडून त्याच्या बाहेर कठडा उभा करायचा, म्हणजे आणखी लांब. किती खांब, किती सूची, किती गाड्या दगड! हा खर्च एकट्याने उचलला असता तर एखाद्या ठळक जागी त्याची प्रशस्ती दिसली असती. इथे तसे नाही. इथे एकेका भागावर एकेकाचे नाव आहे. खांब एकाचा, सूची दुसऱ्याची. ब्राह्मी अक्षरांत, प्राकृत भाषेत, एका ओळीत काम संपते: अमक्याचे दान. काही ठिकाणी पुढे एवढेच जोडलेले की, सर्व जीवांना सुख लाभो.

विसमिता नावाच्या एका बाईचे दान असे नोंदलेले आहे. तिचा नवरा कोण, बाप कोण, काही नाही. नाव, दान, आणि सर्व जीवांचे सुख. दोन हजार वर्षांपूर्वी वैनगंगेच्या काठावरची एक बाई आपल्या पैशाने दगड बसवून घेते, त्यावर आपले नाव घालून घेते आणि पुण्य मात्र सगळ्यांत वाटून टाकते. सातवीतल्या त्या मुलीला हे नाव जरूर सांगावे.

दुसरे नाव नागाचे. हा नाग माणूस आहे, आणि त्याच्या नावापुढे 'पंचनैकायिक' अशी पदवी आहे. पाच निकाय, म्हणजे बुद्धवचनांचे पाच संग्रह, ज्याला अवगत आहेत तो. त्या काळी ही वचने पोथीत पाहून वाचायची नव्हती, मुखोद्गत असायची. भारहूत आणि सांची इथल्या लेखांतही ही पदवी येते. तीच पवनीत येते, याचा अर्थ हे गाव नुसते वाटेवरचे मुक्कामाचे ठिकाण नव्हते. इथे शिकलेली माणसे होती, शिकवणे-शिकणे चालू होते, आणि त्या पंडितालाही दगडावर इतरांइतकीच जागा मिळाली होती.

सांचीच्या दक्षिण तोरणावर विदिशेच्या हस्तिदंती काम करणाऱ्यांनी आपण कोरीव काम केल्याचे लिहून ठेवले आहे. तशी एखाद्या धंद्याची सामुदायिक सही पवनीत मिळाली असती तर नगराच्या बाजारपेठेचे चित्र अधिक स्पष्ट झाले असते. विणकरांचे, लोहारांचे, धान्याच्या व्यापाऱ्यांचे काहीतरी हवे होते, असे राहून राहून वाटते. पण जे आहे तेही कमी नाही.

आणि मग तो मुचलिंदाचा खांब! पवनीच्या कठड्यातला हा एक खांब आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. बोधी मिळाल्यानंतरच्या आठवड्यांत एकदा सात दिवस अवेळी पाऊस लागला, गार वारा सुटला, तेव्हा मुचलिंद नावाच्या नागराजाने बुद्धाभोवती वेटोळे घातले आणि डोक्यावर फणा धरला, अशी कथा आहे. खांबावर बुद्ध नाही. त्या काळी बुद्धाची मानवी मूर्ती घडवत नसत. तिथे रिकामे आसन आहे, आणि त्याच्यावर अनेक फणांचा नाग. शेजारी ब्राह्मीत नागाचे नाव कोरले आहे, पाहणाऱ्याला शंका राहू नये म्हणून. प्रदक्षिणा घालणारा माणूस त्या रिकाम्या आसनापाशी थांबत असेल आणि जे दाखवलेले नाही ते मनाने पाहत असेल. पवनीत श्रावणात आठ-आठ दिवस झड लागते. सात दिवसांचा पाऊस आणि नागाचा आसरा ही गोष्ट इथल्या माणसाला समजावून सांगण्याची वेळ कधीच आली नसेल.

राजे पवनीत अजिबात नाहीत, असा मात्र समज करून घेऊ नये. ते नंतर येतात, आणि त्यांना वाचून काढण्याचे श्रेय महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांना आहे. भार कुळातला भगदत्त हा राजा इथल्या एका शिलालेखात भेटतो. दुसरा आहे महाक्षत्रप कुमार रुपिअम्म. नावावरूनच तो शक असल्याचे कळते. त्याच्या स्मरणार्थ उभारलेला स्तंभ पवनीत सापडला. शकांची सत्ता म्हटली की आपल्याला गुजरात, माळवा, नाशिक-जुन्नर आठवते. वैनगंगेच्या काठी महाक्षत्रपाचा स्तंभ ही इतिहासाच्या अभ्यासकांना चक्रावून टाकणारी नोंद आहे. वाकाटक नृपती दुसरा प्रवरसेन याचा ताम्रपटही पवनीचा आहे. पण या तिघांपैकी एकाचाही त्या कठड्याशी संबंध नाही. ते आले तेव्हा विसमितेचा दगड जागेवर बसून बराच काळ लोटला होता.

तेव्हा सरांच्या प्रश्नाचे उत्तर असे: विटांचा पहिला स्तूप कुणी रचला, ते नाव कुठेही लिहिलेले नाही. दगडी कठडा मात्र लोकवर्गणीतून झाला, आणि वर्गणीदारांची नावे आजही वाचता येतात.

हा पैसा आला कुठून, हा पुढचा प्रश्न. त्यासाठी परकोटाकडे वळावे लागते. या लेखमालेचे नावच त्यावरून आहे, त्यामुळे नियमित वाचकांना त्याचे वर्णन नव्याने करायला नको. तीन बाजूंना मातीचा प्रचंड तट आणि खंदक, चौथ्या बाजूला वैनगंगा. तटावरचे दगडी बांधकाम नंतरचे आहे, पण मातीच्या तटाची मुळे प्राचीन नगरापर्यंत जातात. 1994 मध्ये पुरातत्त्व सर्वेक्षणाचे अमरेंद्र नाथ यांनी पवनीत पुन्हा उत्खनन केले आणि त्याचा अहवाल 1998 मध्ये आला. या नगराचा विचार करताना देव-जोशींच्या जोडीने तोही वाचायला हवा. एवढी माती उपसून एवढा तट घालणारे गाव हे काही पंचवीस झोपड्यांचे नव्हे. नदीचा उतार इथे, धानाचे शिवार पाठीशी, विदर्भातून पूर्वेकडे दक्षिण कोसलात जाणाऱ्याला वैनगंगा ओलांडल्याशिवाय गत्यंतर नाही. असे गाव श्रीमंत होणारच.

तटाचा विषय निघालाच आहे तर एक आडवाट घेऊ. जर्मनीत बव्हेरिया प्रांतात न्योर्डलिंगन नावाचे गाव आहे, वस्ती वीस हजारांच्या आसपास, म्हणजे साधारण पवनीच्याच आकाराचे. 1327 मध्ये तिथे गावाबाहेरच्या पेठांना कवेत घेणारा नवा तट बांधायला घेतला. सुमारे पावणेतीन किलोमीटरचा हा तट, त्याच्या पाचही दरवाजांसह, आज शाबूत आहे. तटावरून, छपराखालच्या वाटेने, पूर्ण गावाला फेरी मारता येते. चर्चच्या उंच मनोऱ्यावरून पहारेकरी रात्री अजूनही हाळी देतो.

पवनीच्या मातीच्या तटाचे मूळ त्याहून हजारावर वर्षे जुने. त्यावर आज सलग फेरी मारता येत नाही. कुठे बाभळी, कुठे घरांचे मागचे दार, कुठे कचरा. जवाहर दरवाजातून रोज शेकडो माणसे ये-जा करतात, पण त्याला लागून असलेला तट पुढे कुठवर जातो, हे विचारले तर थोडेच सांगू शकतील. वैजेश्वर घाट आणि दिवाण घाट सगळ्यांना माहीत आहेत, महाशिवरात्रीला तिथे पाय ठेवायला जागा नसते. विदर्भाच्या अष्टविनायकांतला पंचमुखी गणेश माहीत आहे. 'विदर्भाची काशी' हे बिरुद तर प्रत्येकाच्या तोंडी. तटाच्या वाट्याला ते प्रेम आलेले नाही. झुडपे काढून, ठिकठिकाणी चार ओळींचे फलक लावून, निदान एका बाजूने चालत जाण्याजोगी वाट करणे हे नगरपरिषदेच्या आवाक्याबाहेरचे काम नाही. गावातल्या शाळा, महाविद्यालय आणि हौशी मंडळी यांनी मनावर घेतले तर एका उन्हाळ्यात सुरुवात होईल. ही मागणी या लेखमालेत पुन्हा पुन्हा केली जाईल, हे आताच सांगून ठेवलेले बरे.

सरांसाठी एक व्यावहारिक सूचना. पुढची सहल नागपूरला काढावी. तिथल्या मध्यवर्ती संग्रहालयात, म्हणजे आपल्या अजबबंगल्यात, रुपिअम्माचा स्तंभ आहे. तो पाहून मग मुलांना जगन्नाथ टेकडीवर पुन्हा न्यावे. ब्राह्मीची मुळाक्षरे फळ्यावर लिहून दिली तर सातवीची मुले आठवडाभरात 'दानं' एवढा शब्द ओळखू लागतात. अक्षरे दोनच आहेत, शिवाय अनुस्वाराचा ठिपका.

काही वाचकांनी पवनीच्या कोशाच्या कापडाबद्दल विचारले आहे. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरने पवनीच्या रेशीमकाठी वस्त्रांची खास नोंद घेतली होती. त्या वेळी, 1901 च्या शिरगणतीत, गावाची वस्ती नऊ हजारांवर होती. येन आणि अर्जुनाच्या झाडांवर कोसा वाढवणारे ढिवर, धागा काढणाऱ्या बाया, मागावर बसणारे कोष्टी आणि करवतकाठी साडीचा तो दातेरी काठ, हा सगळा स्वतंत्र हप्त्याचा ऐवज आहे. तो मुरलीधर मंदिराच्या हप्त्यानंतर घेऊ.

पुढच्या आठवड्यात मात्र 1867, नक्की. भंडारा, तुमसर आणि पवनी या तिन्ही गावांना नगरपालिका एकाच वर्षी मिळाली. मध्य प्रांत स्थापन होऊन तेव्हा जेमतेम सहा वर्षे झाली होती. नागपूरकर भोसल्यांचे राज्य खालसा होऊन फार दिवस झाले नव्हते. अशा वेळी नदीकाठच्या या आडबाजूच्या गावाला नगरपालिका द्यावी असे सरकारला का वाटले, चुंगीचा पैसा कुणी भरायचा आणि तो कशावर खर्च करायचा, तिथून सुरुवात करू.