घटातले धान, खिडकीतला पालक

नवरात्रात देवघरात घट बसतो. परडीतल्या मातीत पेरलेले धान नऊ दिवसांत वीतभर वाढते आणि दसऱ्याला टोपीत, वेणीत खोवले जाते. हे धान शेतातल्यासारखे हिरवेगार नसते. पिवळसर, लांबोडके, लवलवते असते. पाणी तर आपण रोज न चुकता घालतो. उणीव असते ती उजेडाची. घरात मातीविना भाजी पिकवण्याची, म्हणजे हायड्रोपोनिक्सची, निम्मी मेख इथेच आहे.

बेळगाव-निपाणी भागात भाजीला तोटा नाही. इथून गोव्याला गाड्या भरून भाजी जाते. मग हा खटाटोप कशाला? पण जुलै-ऑगस्टात मंडईतली मेथीची पेंडी सोडून पाहा. निम्मी चिखलाने माखलेली, निम्मी कुजलेली. आपण भाकरीबरोबर कच्चे तप्पल खाणारी माणसे. मेथी म्हणा की मेंत्या, त्या दिवसांत ती कच्ची खायला मन धजत नाही. शिवाय परसू म्हणा की हित्तल, ते जाऊन तिथे फ्लॅट उभे राहिले.

ही पद्धत आपल्या देशाला नवी नाही. १९४०च्या दशकात जेम्स शोल्टो डग्लस यांनी बंगालमधल्या कालिम्पोंगला खडी-वाळूत भाज्या वाढवण्याचे प्रयोग केले. त्यांचे 'बंगाल पद्धती'वरचे पुस्तक १९५१ साली निघाले. पंप, नळ्या असल्या भानगडी नकोत, साध्या माणसाला जमले पाहिजे, हा त्यांचा रोख होता. घरी करायची आजची सर्वांत सोपी रीतही बिनपंपाचीच आहे. हवाई विद्यापीठाच्या बर्नार्ड क्रॅटकी यांच्या नावाने ती ओळखली जाते.

वीस लिटरचा गडद रंगाचा टब घ्या. उजेड आत गेला की पाण्याला शेवाळ धरते, म्हणून पारदर्शक नको. वर थर्माकोलचे घट्ट झाकण, त्याला पाच-सहा भोके, भोकांत तळाला छिद्रे पाडलेले प्लास्टिकचे पेले. पेल्यात नारळाच्या काथ्याचा भुसा आणि रात्रभर भिजवलेले पालकाचे बी. खतपाणी पेल्याच्या बुडाला जेमतेम लागेल इतकेच. झाकणाला फट ठेवू नका, नाहीतर पालकाऐवजी डास पिकतील.

माझा पहिला टब फुकट गेला. पाणी उतरले की मी हौसेने काठोकाठ भरत होते. दहा-बारा दिवसांत पाने मलूल, मुळे तपकिरी आणि वास. सासूबाईंनी झाकण उचलून पाहिले आणि म्हणाल्या, "चिबड रानात आणि काय व्हायचं? मुळाला वारा नको?" नेमके तेच कारण होते. पाणी उतरते तशी वरची मुळे उघडी पडतात आणि हवेतला प्राणवायू घेतात. पुन्हा काठोकाठ भरले की ती गुदमरतात. पाणी घालायचेच तर तळाशी थोडे. वरची मोकळी जागा तशीच राहू द्यावी.

खताबाबत एक सावधगिरी. द्राक्षबागेला देतात ते १९:१९:१९ एकटे पुरत नाही. त्यात कॅल्शियम नसते. हायड्रोपोनिक्सची तयार खते दोन भागांत येतात. एकात कॅल्शियम, दुसऱ्यात फॉस्फेट व सल्फेट. दोन्ही दाट द्रावणे एकत्र ओतली तर साका तळाला बसतो आणि झाडाला काही मिळत नाही. म्हणून एक भाग पाण्यात पुरता विरघळल्यावरच दुसरा घालावा. पाण्याचा सामू ५.५ ते ६.५ हवा. बोअरचे जड पाणी इथे दगा देते. त्यापेक्षा पावसाचे पाणी धरून ठेवलेले बरे.

आता उजेड. आपल्या पावसाळ्यात खिडकीवर भरवसा ठेवू नये. टबाच्या वर वीस वॅटच्या दोन पांढऱ्या एलईडी ट्यूब बारा तास लावल्या तर दिवसाला अर्धा युनिटसुद्धा जळत नाही. महिन्याला चौदा-पंधरा युनिट. एवढ्या खर्चात पाच-सहा झाडे, म्हणजे बाजारभावाशी तुलना करू नका, हरालच. टोमॅटो, वांगी यांच्या नादाला तर घरात लागूच नये. त्यांना लागणारे ऊन ट्यूबने द्यायला परवडत नाही.

पाच-सहा आठवड्यांत पालक काढणीला येतो. झाड उपटू नका. बाहेरची पाने खुडा, मधला कोंब ठेवा. आठवडाभराने पुन्हा खुडता येतात. आमच्याकडे ती भाजीपर्यंत पोचतच नाहीत. गरम भाकरी, शेंगाचटणी आणि कच्ची पाने, तिथेच संपतात.