यंत्र बिघडले की दुवा तुटला?

संगणकाची कार्यप्रणाली अद्ययावत करावी आणि दुसऱ्या दिवशी यंत्र सुरू केल्यावर आवाज नाहीसा झालेला असावा, किंवा वाय-फाय जुळू नये, हा अनुभव पुष्कळांना येतो. अशा वेळी भाग जळाला असावा, हीच शंका प्रथम मनात येते. मग दुरुस्तीवाल्याकडे धाव, नव्या भागाची खरेदी, आणि तोही चालेना म्हणून अखेरीस सबंध संगणक अडगळीत, असा क्रम सुरू होतो. बहुतेक वेळा हा खर्च अनाठायी असतो.

हा प्रश्न आज विशेष महत्त्वाचा झाला आहे. विंडोज १० या प्रणालीचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि कितीतरी जुनी यंत्रे विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. बेताच्या उत्पन्नाच्या शाळांना व कचेऱ्यांना अशा यंत्रांसाठी लिनक्सचा आसरा उरतो. हेलसिंकी येथील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने १९९१ साली तिचा गाभा प्रथम प्रसिद्ध केला. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या संस्थेची ‘बॉस’ ही भारतीय प्रणालीही त्याच गाभ्यावर उभी आहे.

या गाभ्यास कर्नेल म्हणतात. प्रत्यक्ष यंत्र आणि आपण वापरतो ते कार्यक्रम यांच्यामधील सर्व देवघेव त्याच्या हातून होते. प्रत्येक भागाशी बोलणारा एक दुभाष्या त्याच्या पदरी असतो, तो ड्रायव्हर होय. कर्नेल बदलला आणि दुभाष्या जुनाच राहिला, तर भाग धडधाकट असूनही मुका होतो.

बऱ्हाणपूरच्या कुंडी भंडाऱ्याचे उदाहरण येथे उद्बोधक आहे. अब्दुल रहीम खानखाना याच्या काळात, १६१५ च्या सुमारास, ही योजना झाली. सातपुड्यातून झिरपणारे पाणी भूमिगत बोगद्याने, केवळ उताराच्या बळावर, शंभराहून अधिक कुंड्यांमधून जाळी करंजपर्यंत आणले गेले. तेथे पाणी पोहोचले नाही, म्हणून डोंगर आटला असे कोणी शहाणा म्हणणार नाही. तो एकेक कुंडी पाहत जाईल आणि कोणत्या दोन कुंड्यांमध्ये प्रवाह अडला ते शोधील. संगणकाचा दोषही असाच शोधावा.

पहिली कुंडी जुन्या कर्नेलची. उबुंटू, डेबियन यांसारख्या प्रणालींत नवा कर्नेल बसवताना आधीचा सहसा लगेच पुसला जात नाही. यंत्र सुरू होतानाच एस्केप कळ, काही जुन्या यंत्रांत शिफ्ट कळ, दाबली असता एक यादी येते. तीतील ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’ या ओळीतून जुना कर्नेल निवडावा. त्यावर भाग चालू लागला, तर तो शाबूत आहे. तरीही न चालल्यास तारा व जोडण्या तपासाव्यात.

दुसरी कुंडी ओळखीची. नव्या कर्नेलवर परत येऊन ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा द्यावी. यूएसबीने जोडलेल्या वस्तूंसाठी ‘एलएसयूएसबी’. भागाचे नाव यादीत आले, तर यंत्राला तो दिसतो आहे. पहिल्या आज्ञेस ‘के’ हा पर्याय जोडला, तर त्याचा कारभार कोणता ड्रायव्हर पाहतो तेही समजते.

तिसरी कुंडी नोंदवहीची. ‘डीमेसेज’ या आज्ञेने कर्नेलचे निरोप वाचावयास मिळतात. फर्मवेअर सापडले नाही अशी तक्रार तेथे असेल, तर त्याचा संच बसवावा. एनव्हीडियाचे चित्रपत्रक किंवा ब्रॉडकॉमचे काही वाय-फाय भाग यांचे ड्रायव्हर कंपन्यांकडून वेगळे मिळतात. ते प्रत्येक नव्या कर्नेलसाठी पुन्हा घडवावे लागतात. हे काम ‘डीकेएमएस’ करते. पण त्या कर्नेलच्या ‘हेडर्स’ फायली नसल्यास ते अडते. ‘सिक्युअर बूट’ चालू असता स्वाक्षरी नसलेला ड्रायव्हर नाकारला जाऊ शकतो, हेही पाहावे.

नियमास अपवाद असतो. २००८ साली २.६.२७ या कर्नेलच्या चाचणी आवृत्त्यांनी इंटेलच्या काही जाळेपत्रकांतील स्मृती खरोखरच बिघडवली होती. कर्नेलच्या माग काढणाऱ्या एका सोयीतला तो दोष होता. म्हणून चाचणीची आवृत्ती रोजच्या कामाच्या यंत्रावर घालू नये.

तात्पर्य, एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि तिचा परिणाम लिहून ठेवावा. उपाय सापडेपर्यंत जुन्या कर्नेलवर काम चालवण्यास हरकत नाही. मात्र सुरक्षेच्या सुधारणा नव्यात येत असल्याने तेथेच कायम राहू नये. दोन्ही कर्नेलच्या नोंदी जोडून प्रणालीच्या कर्त्यांना कळवले, तर तोच भाग वापरणाऱ्या इतरांचाही मार्ग मोकळा होतो. एवढा धीर धरला, तर मुलांच्या हातचा चांगला संगणक भंगारात जाण्यापासून वाचतो.