फुगीर नळीची करामत

सायलेन्सरची जाळी काढली की आरएक्स १०० सुसाट पळते, हा समज गॅरेजागॅरेजांत अजून पक्का आहे. १९८५ साली भारतात आलेल्या यामाहाच्या या ९८ सीसी टू-स्ट्रोक गाडीची ताकद ११ हॉर्सपॉवर. त्या ताकदीत सायलेन्सरच्या फुगीर पोटाचा मोठा वाटा होता. जाळी त्या पोटाच्या मागे बसते. ती काढल्याने वाढतो तो मुख्यतः आवाज.

टू-स्ट्रोकमध्ये धूर बाहेर पडत असतानाच पेट्रोल-हवेचं ताजं मिश्रण सिलिंडरमध्ये येतं आणि त्यातलं थोडं धुरामागोमाग निसटतं. धुराच्या दाबाची लाट नळी रुंदावते तिथे पोचली की उलटी ओढ तयार होते, सिलिंडर साफ होतो. पुढे नळी निमुळती होते. तिथून लाट आपटून परत येते आणि निसटलेलं मिश्रण धुराचं दार, म्हणजे पोर्ट, बंद व्हायच्या आत पुन्हा आत ढकलते. हिशेब ढोबळच करू. ७,५०० आरपीएमला इंजिनाचा एक फेरा ८ मिलिसेकंदांचा, त्यात पोर्ट साधारण निम्मा वेळ उघडं. तापलेल्या धुरात लाट सेकंदाला सुमारे ५०० मीटर जाते. म्हणजे ४ मिलिसेकंदांत जाऊन-येऊन दोन मीटर. नळी मीटरभर लांब का, ते इथे कळतं.

या तंत्राला धार लावली पूर्व जर्मनीतल्या एमझेड कंपनीच्या वॉल्टर काडेन यांनी. ऑसिलोस्कोपवर लाटा बघत त्यांनी १९६१ पर्यंत १२५ सीसीतून २५ हॉर्सपॉवर काढली. त्याच वर्षी त्यांचा रेसर अर्न्स्ट डेग्नर स्वीडनच्या शर्यतीनंतर पश्चिमेकडे पळाला आणि ही विद्या सुझुकीला मिळाली. १९६२ चं ५० सीसीचं विश्वविजेतेपद सुझुकीचं, स्वार डेग्नरच!

बाजारातला रेसिंग पाइप याच गणिताची एक बाजू ओढतो. नळी आखूड केली की लाट लवकर परतते, म्हणजे वरच्या आरपीएमला जोर येतो. खालचा पिकअप मात्र मरतो. ट्रॅकवर ठीक, पण सिंहगडाच्या चढाला डबलसीट जाणाऱ्याने असला पाइप घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

बुलेटचं प्रकरण वेगळं. फोर-स्ट्रोकला व्हॉल्व्ह असतात, फुगीर पोटाची गरज नसते. बाकी इंजिन तसंच ठेवून नुसता इंदोरी किंवा पंजाब सायलेन्सर चढवला तर ताकदीत फारसा फरक पडत नाही. गल्ली जागी होते, दंड होतो, आणि जप्त झालेला माल पोलीस रोडरोलरखाली घालतात.

टू-स्ट्रोकला पाइप बदलला तर कार्ब्युरेटरचा जेटही बघावा लागतो. मिश्रणात पेट्रोल कमी पडलं तर पिस्टन तापून जाम होतो. म्हणून जाणता मेकॅनिक गाडी ताणून पळवतो, जागच्या जागी बंद करतो आणि प्लग काढून बघतो. कॉफीच्या रंगाचा असेल तर ठीक. पांढरा पडला असेल तर मोठा जेट टाकायचा. पाइप घेताना हा खर्च कोणी धरत नाही.