टीपकागदावरचा रक्ताचा थेंब

एचआयव्हीची नेहमीची तपासणी विषाणू शोधतच नाही. विषाणूशी झुंजायला शरीराने तयार केलेली प्रतिद्रव्ये ती शोधते. मोठ्या माणसाला एवढे पुरते. पण बाधित मातेचे बाळ तपासायचे म्हटले की घोटाळा होतो. आईची प्रतिद्रव्ये बाळाच्या रक्तात उतरलेली असतात आणि ती १८ महिन्यांपर्यंत राहू शकतात. म्हणजे बाळ निरोगी असले तरी अहवाल 'पॉझिटिव्ह' येऊ शकतो. म्हणून पूर्वी सांगत, "बाई, दीड वर्षाने या." पण बाधित बाळाला औषध मिळाले नाही, तर अशा बाळांपैकी सुमारे निम्मी दुसऱ्या वाढदिवसाच्या आतच दगावतात. मग ही तारीख कोणासाठी दिली होती?

प्रत्यक्ष विषाणूच हुडकणारी पीसीआर नावाची तपासणी आहे. तिला महागडे यंत्र, अखंड वीज आणि शिकलेला तंत्रज्ञ लागतो. आफ्रिकेतल्या खेड्यांत यातले काहीच नव्हते. नळीतले रक्त थंड ठेवून शहरापर्यंत न्यायचे तर बर्फपेटी आणि वाहन कुठून आणायचे?

तोड निघाली ती कागदाची. बाळाच्या टाचेला टोचून रक्ताचे चार-पाच थेंब टीपकागदासारख्या जाड कागदावरील गोलांत घ्यायचे, सुकू द्यायचे, ओलावा शोषणाऱ्या पुडीसह पिशवीत बंद करायचे आणि पाकिटातून पाठवायचे. बर्फ नको, नळी फुटण्याची भीती नको. युक्ती जुनीच. अमेरिकेत डॉ. रॉबर्ट गथ्री यांनी १९६० च्या दशकात नवजात बाळांच्या दुसऱ्या एका आजारासाठी ती वापरली होती.

लवकर कळून उपयोग काय, याचे उत्तर दक्षिण आफ्रिकेतून आले. तिथे ६ ते १२ आठवड्यांच्या बाधित बाळांना लगेच औषध सुरू केल्यावर १०० पैकी ४ दगावली. लक्षणांची वाट पाहिली त्या गटात १६. हा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने वर्षाच्या आतल्या प्रत्येक बाधित बाळाला ताबडतोब औषध देण्यास सांगितले.

तरी घोडे अडलेच. पाकीट शहरात पोचे, पण निकाल गावी परतायला आठवडे, कधी महिने लागत. मालावीत मार्च २०१६ मध्ये युनिसेफने असे नमुने नेण्यासाठी ड्रोन उडवून पाहिले. बातमी गाजली. पण मी कारकून माणूस, मला ठाऊक आहे की कागद रस्त्यापेक्षा टेबलावर जास्त अडतो! मोझांबिकने वेगळा मार्ग धरला. तिथे लहान यंत्र आरोग्य केंद्रातच ठेवले, आई बसलेली असतानाच निकाल हाती. १६ केंद्रांची तुलना केली तेव्हा यंत्र असलेल्या ठिकाणी १०० पैकी सुमारे ९० बाधित बाळांना ६० दिवसांत औषध सुरू झाले. पाकीट पाठवणाऱ्या केंद्रांत जेमतेम १३.

आपल्या देशात नॅकोने कागदावरील थेंबाची तपासणी २०१० पासून सुरू केली. सरकारी रुग्णालयातील एचआयव्ही समुपदेशन व तपासणी केंद्रात ती मोफत होते. माताभगिनींनी ध्यानात ठेवावे, पहिली तपासणी बाळ सहा आठवड्यांचे झाले की. ती 'निगेटिव्ह' आली म्हणून काम संपले असे नाही. अंगावरच्या दुधातूनही लागण होऊ शकते, म्हणून दूध तोडल्यानंतर आणि १८ महिन्यांनी पुन्हा तपासावे लागते. आईने गरोदरपणापासून रोज गोळ्या घेतल्या आणि बाळाला सांगितलेले औषध दिले, तर लागणीची शक्यता फारच कमी उरते.

वस्तीत फिरताना बायका कुजबुजत विचारतात, "दादा, नाव बाहेर फुटलं तर?" त्यांना सांगावे की २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. संमतीशिवाय तपासणी करता येत नाही, आणि कायद्याने ठरवून दिलेले मोजके प्रसंग सोडले तर लेखी संमतीशिवाय कोणाचा अहवाल उघड करता येत नाही. बाळाच्या बाबतीत ती संमती पालकाची.